साहेबाच्या कुत्र्याची कबर

चिमाजीची थोरली लेक सुभद्रा खेडला सासरी गेली, ते साल १९५६. लग्नाचा मांडव उतरला नाही तोच पुण्याहून ख्रिस्ती पाळक उद्धवराव साळवे चाकणच्या वेशीबाहेरच्या गोऱ्यांच्या कबरस्तानाचा इतिहास लिहायला आले. सोबत चांदभाई पाथरवट, दगडावरची अक्षरं साफ करायला.

चिमाजी तिथला राखणदार. बापानंतर तोच. कुठं कोण पुरलंय ते त्याला तोंडपाठ. पाळकांच्या वहीत आता आपलंच बोलणं उतरणार, असं तो धरून चालला होता. पण चांदभाई खडकीला इंग्रजी अक्षरं कोरायला शिकलेला. दगड पुसून घडाघडा वाचायचा, नि पाळक त्याच्याकडंच वळायचे, “हं, चांदभाई, पुढचं?” चिमाजीला पाणी मागण्यापलीकडं कुणी विचारीना.

तिसऱ्या दिवशी चिंचेखालची एकच लहान कबर राहिली. बाप सांगायचा, ती साहेबाच्या कुत्र्याची. कुत्रं चावलेली माणसं तिथं भाकरी ठेवून जात. निदान हिची गोष्ट तरी आपण सांगायची, म्हणून चांदभाई यायच्या आत चिमाजीनं तिला दाट चुन्याचे तीन हात दिले. अक्षरं दिसेनाशी झाली.

“चुना खरवडू का?” चांदभाईनं विचारलं.

“कशाला? म्या हाय की सांगाया!” चिमाजी मध्येच म्हणाला.

पाळक हसले. त्यांनी कुत्र्याची सगळी गोष्ट उतरून घेतली. तेवढ्यात चांदभाई दगडावरून सावकाश बोटं फिरवत होता.

पाळक टांग्याकडं निघाल्यावर चांदभाई म्हणाला, “चिमाजीभाऊ, कुत्र्याचं वय दिवसासकट कोण लिहितं राव?”

“तुला वाचता आलं?”

“बोटांना कळतं.”

“मग पाळकसायबाला का न्हाई बोललास?”

“तुम्हाला सांगायला एवढी एकच उरली होती.”

त्यानं चारचौघांत खोटं पाडलं असतं, तर चिमाजी भांडला असता. हा तर मनानंही वरचढ निघाला. तेच त्याला सोसवेना. त्यानं खुरप्यानं चुना खरवडला, धावत जाऊन टांगा अडवला नि पाळकांना हाताला धरून मागं आणलं.

“म्या चुकलो. चांदभाई, वाच तूच.”

पाळकांनी आधीचं पान खोडलं नि खाली लिहिलं: एलायझा, वय अकरा महिने चार दिवस. मरण पावली ३ जून १८४१.