अबोल्यातलं ऑइल

आमच्या गॅरेजमध्ये एक शब्द कानावर पडल्याशिवाय कुठल्याही गाडीत नवं ऑइल पडत नाही. नवरा गाडीखालच्या खड्ड्यात उतरतो, मी वर बॉनेटपाशी उभी राहते. तो इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडून जुनं ऑइल काढतो, मग नट नुसता हाताने बसवतो, फिल्टर बदलतो आणि सगळ्यात शेवटी सतराच्या पान्याने नट आवळून ओरडतो, "बंद!" मी वरून म्हणते, "बंद," आणि मगच कॅन उघडते. ही पद्धत सासऱ्यांनी घालून दिलेली. अकरा वर्षांत एका गाडीतून थेंब गळला नाही. पद्धतीत खोट एकच, ती चालायला दोघांचं बोलणं असावं लागतं.

आणि आमचं परवापासून बोलणं बंद होतं.

कारण ऐकाल तर हसाल. परवा सिस्टर आल्या होत्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, आणि त्यांची पांढरी गाडी पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच येते. "वहिनी, ऑइल किती किलोमीटरला बदलायचं हो? एकेक जण एकेक सांगतो," त्या म्हणाल्या. मी डिपस्टिक काढली, कागदावर टेकवली, दोन बोटांत चोळून पाहिलं. ऑइल छान होतं. "अजून चार हजार आरामात चालेल. गाडीच्या पुस्तकात दहा हजार किंवा वर्ष लिहिलंय," मी म्हणाले. तेवढ्यात दुसऱ्या गाडीखालून नवऱ्याचा आवाज आला, "पाच हजार म्हणजे पाच हजार! पुस्तक लिहिणाऱ्याने आपल्याकडची धूळ खाल्लेली नाही." बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसले, आणि नको ते बोलून गेले, "सासऱ्यांच्या काळातलं ऑइल आणि सासऱ्यांच्या काळातलं डोकं, दोन्ही बदलायला झालंय." लोक आणखी हसले. सिस्टर बिचाऱ्या अवघडून म्हणाल्या, की दोन दिवसांनी मुलीला घेऊन घाटापलीकडे बहिणीकडे जायचंय, त्याआधी येते, तुम्ही दोघं ठरवा.

आम्ही काही ठरवलं नाही. घरी गेल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "गिऱ्हाईकासमोर माझी शोभा केलीस." मी माफी मागायला हवी होती. पण माझा स्वभाव असा, की चूक कळली की मी आणखी ताठते. त्याने तोंड फिरवलं, मीही फिरवलं. मग आम्ही पोळीभाजी वाढून घेताना आणि कुलपाची किल्ली देताना मुक्यांसारखं वागू लागलो. आधी कोण बोलतं ते बघू, असं दोघांच्याही मनात होतं.

आज दुपारी दोनला सिस्टर आल्या. मागच्या सीटवर त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी चित्रं काढत बसली होती. नवऱ्याने एक अक्षर न बोलता गाडी खड्ड्यावर घेतली. म्हणजे ऑइल बदलायचं, हे त्याने ठरवून टाकलं. मी चडफडत कॅन आणला. खालून जुनं ऑइल तसराळ्यात पडल्याचा आवाज आला, मग फिल्टर फिरवल्याचा. मग काहीच नाही.

मी कॅन हातात धरून थांबले. हे मला नीट आठवतंय, कारण तेव्हापासून मी ते शंभर वेळा आठवलंय. मी त्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. "अहो, झालं का?" एवढं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण विचारलं असतं तर मी आधी बोलले असते. मी मनात म्हटलं, आवळला असणार, अबोला आहे म्हणून ओरडला नसेल. आणि मी ऑइल ओतलं.

सिस्टर गेल्या त्याला तास होऊन गेला होता. मी हत्यारं पुसायला घेतली. भिंतीवर प्रत्येक पान्याचा खिळा ठरलेला आहे. सतराचा पाना त्याच्या खिळ्यावर होता, सकाळी मी पुसून टांगला तसाच स्वच्छ. चेंबरचा नट आवळला की त्या पान्याला ऑइल लागतंच लागतं. मी त्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं राहिलं.

मी पाना खिळ्यावरून काढून घेतला.

"अहो!" मी ओरडले. अबोला गेला खड्ड्यात. "सिस्टरच्या गाडीचा नट आवळलात का?"

तो चहाचा कप घेऊन बसला होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पान्याकडे. त्याचा चेहरा उतरत गेला. "हाताने बसवला होता," तो म्हणाला. "मग फिल्टर लावला. मग... तू वरून ओतायला लागलीस. ऑइल पडल्याचा आवाज आला, तर मला वाटलं, माझं आवळून झालंय."

वरचा शब्द ऐकून खालच्याचं काम संपायचं, इतकी आम्हाला सवय. तो माझ्या ओतण्यालाच होकार समजला होता.

सिस्टरना फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हाताने बसवलेला नट गावात फिरताना टिकतो, पण तीस-चाळीस किलोमीटरच्या हादऱ्यांनी तो सैल होत जातो आणि एकदा पडला की मिनिटभरात सगळं ऑइल रस्त्यावर. मग इंजिन जाम होतं. घाटाच्या चढावर, मागून ट्रक येत असताना इंजिन जाम झालं, तर काय होईल ते मला बोलवेना. ती चित्रं काढणारी मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

आम्ही स्कूटर काढली. ऑइलचा कॅन मी मांडीवर धरला आणि सतराचा पाना मुठीत. नवरा एरवी चाळिसाच्या वर जात नाही, आज काटा कुठे होता ते मी पाहिलंच नाही. मी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. घाटाच्या पायथ्याच्या पेट्रोल पंपापर्यंत काही दिसलं नाही. त्यानंतर डांबरावर एक काळा थेंब दिसला. मग पाच-सहा पावलांवर दुसरा. मग थेंबांची ओळ लागली.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापत होता. माझी भीती दुप्पट झाली, कारण हा माणूस सहसा घाबरत नाही.

तिसऱ्या वळणावर गाडी कडेला उभी होती. इंडिकेटर लागलेले, मागे दोन दगड लावलेले. सिस्टर मुलीचा हात धरून कठड्यापाशी उभ्या होत्या. मी स्कूटर थांबायच्या आत उडी मारली आणि पडता पडता वाचले.

"ऑइलचा लाल दिवा लागला, लगेच बंद केली," सिस्टर म्हणाल्या. "फोन पर्समध्ये होता, आत्ता पाहिला. काय झालं?"

नवरा गाडीखाली सरपटला. "आहे!" तो खालून म्हणाला. "दोन आट्यांवर लटकतोय." त्याने नट आवळला, मी ऑइल भरलं. गाडी चालू केली. आम्ही तिघंही श्वास रोखून ऐकत होतो. इंजिन नेहमीसारखं चाललं, कुठे खट्ट नाही, कुरकुर नाही. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

नवरा हात पुसत म्हणाला, "सिस्टर, चूक माझी. मी आवळायला विसरलो."

तो एवढं म्हणाला, तेवढ्यावर मी सुटले असते. सिस्टरनी मान डोलावली होती, मुलगी गाडीत चढत होती. पण मला ते गिळवेना. "एकट्याची नाही," मी म्हणाले. "यांनी आवाज दिला नव्हता. मला माहीत होतं. मी विचारलं नाही, कारण आमचा अबोला होता. आणि जुनं ऑइल अजून चांगलं होतं, हेही मला माहीत होतं."

"मलाही," नवरा खाली बघत म्हणाला. "मला फक्त माझं खरं करायचं होतं."

सिस्टर रागावतील, ओरडतील, असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण वॉर्डात विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "हा अबोला कधीपासून?"

"परवा संध्याकाळपासून."

"त्यानंतर अजून कोणाचं ऑइल बदललंत?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. सिस्टरच्या गाडीच्या धास्तीत हा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

"एकच," तो म्हणाला. "काल संध्याकाळी. शाळेच्या व्हॅनचं."

"आवळला होता?"

त्याने डोळे मिटले. आठवायचा प्रयत्न करत होता. "माहीत नाही," तो म्हणाला. "शब्द नव्हता ना. मला खरंच आठवत नाही."

माझ्या फोनमध्ये व्हॅनवाल्या काकांचा नंबर होता. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. सिस्टरनी फोन माझ्या हातातून घेतला, नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला. पलीकडे मुलांचा गलका ऐकू आला.

"बोल गं," काका म्हणाले. "लवकर बोल, पोरं बसलीयत, निघतोय मी."

"काका, निघू नका. गाडी बंद करा आणि मुलांना खाली उतरवा."

"अगं, का? झालं काय?"

नवरा माझ्यासमोर उभा होता. सिस्टरही.

"आम्ही भांडलो होतो, काका," मी म्हणाले.