पहिल्या हंगामाचे आकडे

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी विद्यार्थ्यांना कधी शिकवलं नाही, पण वागत मात्र तशीच आले. म्हणून 'खुल्या विज्ञानाचं शिबिर' असं पत्र आलं तेव्हा मी ते बाजूला सारलं होतं. हट्ट धरला तो धाकटीने. धाकटी म्हणजे माझी शेवटची विद्यार्थिनी; प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. तिचा प्रबंध सहा आठवड्यांत द्यायचा होता. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळणार नव्हती. "मॅडम, चार लोकांच्या नजरेखालून गेलं तर बरं," ती म्हणाली. मी म्हटलं, चल बाई. माझ्या आकड्यांत कोण काय काढणार होतं?

एका प्रशिक्षण केंद्रात तीन दिवस. पंचवीस संशोधक, गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर रंगीत चिकट कागद. संयोजिका तिशीची, उत्साह अंगात मावत नव्हता. इथे कोणी सर नाही, कोणी मॅडम नाही, छातीवर फक्त टोपणनाव लावायचं, असा तिचा नियम. मी 'गांडूळबाई' लिहिलं. पोरं मला पाठीमागे तेच म्हणतात, मला काय ठाऊक नाही? धाकटी ते वाचून लाल झाली, म्हणजे तीही म्हणत असणार.

शिबिराची पद्धत अशी की आपले मूळ आकडे एका अनोळखी माणसाच्या हवाली करायचे. त्याने सगळं गणित नव्याने मांडायचं आणि आपलंच उत्तर येतं का ते सांगायचं. माझी फाइल गेली एका संख्याशास्त्रज्ञाकडे. त्याने स्वतःचं नाव 'दाढी' लिहिलं होतं आणि ते त्याला शोभत होतं. फाइलीत होते चाळीस वाफे आणि दहा वर्षांची गांडुळांची मोजणी. निम्म्या वाफ्यांवर आम्ही पालापाचोळा पसरायचो, निम्मे उघडे ठेवायचो. पाल्याखाली गांडुळं वाढतात असं सगळं जग म्हणतं. माझे आकडे म्हणत होते, काही फरक पडत नाही. या एका 'नाही'वर माझं नाव झालं, आणि तो फरक का पडत नाही, हाच धाकटीच्या प्रबंधाचा विषय.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दाढी लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. "उत्तर तेच येतंय, गांडूळबाई."

मी धाकटीकडे ऐटीत पाहिलं.

"फक्त एक विचारू? नकाशात हे चार वाफे खोलगट जागी दिसतात. तिथे पाणी साचतं का?"

"चांगलं घोटाभर. तिथे गांडूळ औषधालासुद्धा सापडायचं नाही."

"मग फाइलीत तिथे साठ-साठ कशी?" त्याने बोट खाली सरकवलं. "आणि शून्यं सगळी वर, उतारावर आहेत."

माझ्या पायाखालची वाळू सरकली, कारण मला लगेच आठवलं. दहा वर्षांच्या वह्या मी एका सुट्टीत संगणकावर चढवल्या होत्या. वाफ्यांचे क्रमांक मागेपुढे झालेले. मला अव्यवस्थित काही बघवत नाही. मी क्रमांकांचा तेवढा रकाना निवडला आणि चढत्या क्रमाने लावला. शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का, असं संगणकाने विचारलंही होतं. मी 'नाही' दाबलं. क्रमांक सरळ झाले, गांडुळं होती तिथेच राहिली. ज्याचं त्याला मिळालंच नाही. त्यानंतर मी रांगा कधी वाचल्या नाहीत, फक्त सरासऱ्या पाहिल्या. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर गेली तेव्हा वह्या रद्दीत दिल्या. वाफ्यांवर आता वाहनतळ आहे. सगळं मुसळ केरात.

संध्याकाळी गोलात बसून मी ते सगळ्यांना सांगितलं. लपवून करणार काय? माझं बोलणं संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हेच वाईट. संयोजिकेने पिवळ्या कागदावर 'धाडस' लिहून भिंतीला लावलं. एका गटाने मूळ आकडे कसे जपावेत याची नियमावली करायला घेतली. बैल गेला नि झोपा केला. दाढीने विद्यापीठाला मुदतवाढीचं पत्र लिहिलं, बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. इतकी माणसं माझ्या बाजूने आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. पण मुदतवाढ ठरवणाऱ्या समितीवर मीच सहा वर्षं बसले होते. असली पत्रं आम्ही दुसऱ्या ओळीपर्यंतही वाचत नसू. हे मी त्यांना सांगितलं नाही.

धाकटी खोलीत नव्हती. शोधत निघाले आणि जिन्यात एकदम आठवलं. तिचा पहिला हंगाम! वाहनतळ व्हायच्या आधी तिने एकटीने चाळीसही वाफे मोजले होते. पाल्याखाली दुप्पट गांडुळं निघाली म्हणून मी तिला फैलावर घेतलं होतं. दुसऱ्या हंगामात मी तिला फक्त उघडे वाफे मोजायला लावले. म्हणजे खरे आकडे होते, पोरीकडेच होते! सहा आठवड्यांत त्यावर प्रबंध उभा राहिला असता. मी अक्षरशः धावले.

ती पाण्याच्या यंत्रापाशी बाटली भरत होती.

"धाकटे, तुझा पहिला हंगाम. ती फाइल कुठे आहे?"

"पुसली, मॅडम."

"का?"

"चुकीचं काही जपून ठेवायचं नसतं, असं तुम्हीच म्हणालात."

"वही तरी असेल. अगं, एखादं पान?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. "पानं तुमच्या टेबलापाशीच फाडली होती. तुम्ही टोपली पुढे केली होती."

बाटली भरून वाहायला लागली, तिने नळ बंद केला.

"मी तीनदा मोजले होते," ती म्हणाली. "तिन्ही वेळा दुप्पटच आले. मला वाटलं, माझ्याच हातात काहीतरी खोट आहे."