फेस बसायच्या आत

दोघी जावांचं स्वयंपाकघर एकच, पण त्यात दोन कपाटं, साबणाच्या दोन वड्या आणि एक जुना, घट्ट अबोला. धाकटीचा नवरा हृदयविकारानं गेला, त्या दिवशी दारात जमलेल्या बायकांना थोरलीनं सांगितलं होतं, "बेकरीतलं गोडधोड चारून चारून मारलं हिनं माझ्या दिराला." धाकटी आत प्रेतापाशी बसली होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला. अहो, त्याच्या छातीत पहिली कळ आली तेव्हापासून तिनं घरातली साखर कुलपात ठेवली होती! पण ते सांगणार कुणाला? बोलणं टाकलं ते टाकलंच.

आता थोरलीच्या पावलाची जखम भरेना. ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाईंनी जाताजाता धाकटीलाच दारात गाठलं. "पोटात प्रथिनं गेल्याशिवाय जखम भरायची कशी? डॉक्टर पाऊल कापायचं बोलताहेत. तुम्ही बघा ना जरा."

"मी कशाला बघू? त्यांचा मुलगा आहे ना बघायला."

मुलानं बघितलं होतं. अंड्याच्या पांढऱ्याच्या पावडरीचा भलाथोरला डबा परगावाहून धाडून तो मोकळा झाला होता. अंडं उकडलं तरी थोरलीला मळमळायचं, आणि पिवळं तर डॉक्टरांनी बंदच केलेलं. पावडर बरी, वास कमी. पण ती वापरायची कशी हे ठाऊक असलेलं माणूस घरात एकच होतं, बेकरीत काम करणारी धाकटी, आणि त्या माणसाला विचारण्यापेक्षा थोरली उपाशी राहिली असती.

तिनं उकळत्या सूपमध्ये पावडर ओतली. गुठळ्याच गुठळ्या! एक घास तोंडात घेतला नि थुंकला. धाकटी भाजी निवडत बसली होती. बरी खोड मोडली, ती मनात म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं वाटीत पाणी घेऊन, पावडर टाकून लगेच काट्यानं फेटायला सुरुवात केली. खडखड खडखड, नुसता आवाज. वाटी तेलकट, फेस येतोय कशाला! अगं बये, आधी भिजू दे तिला, आणि ते भांडं धू! धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं दात आवळले. थोरलीनं वाटी सिंकमध्ये भिरकावली आणि ओट्यावर डोकं टेकलं.

"कापू दे पाय. सुटेन एकदाची," ती भिंतीला म्हणाली.

"सुटाल कशा?" धाकटी कडाडली. "पाय गेल्यावर तुमचं सगळं करायचं कुणी? मीच ना? व्हा बाजूला!"

तिनं आपल्या कपाटातलं भांडं काढलं, धुऊन कोरडं पुसलं. कोमट पाण्यावर पावडर भुरभुरवली, मुरू दिली आणि मग बेकरीतल्या सवयीच्या हातानं असं फेटलं की पांढराशुभ्र फेस ताठ उभा राहिला. त्यात गार केलेल्या सफरचंदाचा गर हलक्या हातानं मिसळला. वाटी भरली, पण थोरलीसमोर ठेवून वर हात ठेवला.

"आधी म्हणा, मी त्यांना मारलं नाही."

थोरलीनं वाटी आपल्याकडे ओढून बघितली; ती हलेना.

"हा फेस फार वेळ राहत नाही जाऊबाई. बसतो. लवकर बोला."

फेसाच्या कडेनं पाणी सुटत होतं, आणि दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"भाऊजी दुपारचे माझ्याकडे यायचे," थोरली अखेर म्हणाली. "तू बेकरीत गेलीस की. 'वहिनी, ती काही देत नाही, तुम्ही तरी द्या ना गोड.' मी द्यायचे. त्या दिवशीही दिलं होतं."

धाकटीला क्षणभर काही दिसेनासं झालं. इतकी वर्षं ही बाई तिच्यासमोरून जात-येत होती, जेवत होती, झोपत होती! ती वाटी हिच्या तोंडावर मारावी असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग तिनं ती उचलली आणि बसलेला फेस सिंकमध्ये ओतून दिला. थोरलीनं डोळे मिटून घेतले.

नळ वाहिला. फडक्याचा आवाज आला. मग डब्याचं झाकण उघडलं.

"पावडर भिजेपर्यंत थांबा आता," धाकटी पाठमोरीच म्हणाली. "आणि रोज माझ्याच हातचं खायचं, मुकाट्यानं. पाय बरा करून देते तुमचा. चालायला लागलात की त्याच पायानं त्या दिवशी जमलेल्या एकेका बाईच्या दारात जायचं, आणि आत्ता मला सांगितलंत ते तिला सांगायचं."