निम्मं रेडकू

"कागदाला कुठं दूध येतं?" असं म्हणत वहिनी रेडकाचं दावं हाताला गुंडाळून गोठ्याच्या दारात उभी राहिली.

सकाळपासून हेच चाललं होतं. विहिरीवरची मोटर जळालेली, मका उभ्याउभ्या करपत होता. नवी मोटर घ्यायला दादानं दुभती म्हैस विकायला काढली होती आणि गुरांच्या दलालानं नोटांऐवजी चेक पुढं केला होता.

"सोमवारी टाका बँकेत," दलाल म्हणाला.

"आज का नको?"

"वहिनी, माझ्यावर भरवसा नाही का?"

"म्हशीवर आहे. तिला न्या. रेडकू चेक वटल्यावर मिळेल."

दलाल हसला. दादा तर चार माणसांत मेल्याहून मेल्यासारखा झाला. मीही मनात म्हटलं, बाई भारी संशयी. म्हैस टेम्पोत चढली, रेडकू दिवसभर ओरडत राहिलं.

सोमवारी टाकलेला चेक बुधवारी परत आला. खात्यात शिल्लकच नव्हती. बँकेतला कारकून म्हणाला, "वकिलाकडून नोटीस धाडा. तरी दिले नाहीत तर कोर्ट आहेच." कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मका कुठला थांबतोय? दलालाचा फोन बंद. दादा कपाळाला हात लावून बसला.

वहिनी शांत होती. "येईल तो. रेडकू तोंडाशी असल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही."

शुक्रवारी ऊन चढायच्या आत दलाल दारात हजर. म्हैस लगोलग दुसऱ्याला विकायची आणि तेच पैसे खात्यात भरायचे, असा त्याचा बेत होता. पण धार बघितल्याशिवाय गिऱ्हाईक खिशात हात घालेना, आणि म्हैस थेंब देईना.

"निम्मे रोख घ्या, निम्म्याचा चेक देतो," तो म्हणाला.

"बरं. मग निम्मं रेडकू न्या. पुढचं नेता की मागचं?"

त्यानं दुसऱ्या जनावरासाठी कमरेला बांधलेली रोकड सोडली आणि सगळी रक्कम काढली. दादानं मोजली, मी मोजली, वहिनीनं एकेक नोट उन्हात धरून पाहिली. मग जुना चेक त्याच्या हातावर ठेवला आणि दावं सोडलं.

दुसऱ्या दिवशी नव्या मोटरीचं पाणी मक्यात शिरलं. सांगायला धावत आलो, तर वहिनी रिकाम्या खुंट्याशी बसून रडत होती.

"म्हैस आठवडाभर माझ्यासाठी अडून बसली," ती म्हणाली, "आणि मी पैसे मोजून रेडकूही धाडलं."