हळू गाडीचा ब्रेक

फौजेत सतरा वर्षं गाड्या दुरुस्त करून हंबीरराव परतले आणि म्हसवडला स्टँडमागं त्यांनी गॅरेज टाकलं. एखाद्या गाडीचं दुखणं त्यांनी सांगितलं की त्यावर दुसऱ्या कुणाला विचारायला कोणी जात नसे. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची.

भाऊसोंची जीप दहिवडीला माणसं ने-आण करायची. तिच्यावर आकाराम ड्रायव्हर होता. घरची मेंढरं दुष्काळात गेली, म्हणून गाडी शिकलेला, बोलायला कमी. एके दिवशी तो गॅरेजात येऊन सांगू लागला, की गाडी जोरात असताना ब्रेक चांगला लागतो, पण थांबायच्या बेतात, माणूस चालतो तेवढ्या वेगात असताना पाय नुसता टेकवला तरी पुढचं डावं चाक एकदम धरतं. हंबीररावांनी जीप काढली, डांबरी रस्त्यावर जोरात पिटाळली, दोनदा करकचून ब्रेक मारला. काही झालं नाही. गाडी ठीक आहे, पाय हलका ठेव, असं सांगून त्यांनी त्याला लावून दिलं.

आठ दिवसांनी स्टँडवर शिरताना जीप हिसका देऊन जागीच थांबली. पुढं बसलेल्या सुलाबाईंचं कपाळ समोरच्या दांडीवर आपटलं. सात टाके पडले. भाऊसो तसेच आकारामला घेऊन गॅरेजात आले. दहा-बारा माणसंही मागोमाग आली. दोष गाडीचा का ड्रायव्हरचा, एवढंच भाऊसोंनी विचारलं.

चाक खोलून बघायला अर्धा तास पुरला असता. पण सगळे तोंडाकडं बघत होते आणि हंबीररावांना तिथल्या तिथं उत्तर द्यायचं होतं.

"गाडीत काय न्हाई," ते म्हणाले. "मेंढरामागं फिरलेला पाय त्यो, त्याला ब्रेकचं काय कळतंय?"

माणसं हसली. त्याच दिवशी आकारामचं काम सुटलं.

पुढच्या आठवड्यात भाऊसो स्वतः जीप चालवत आले. त्यांच्या हातीही गाडीनं तेच केलं होतं. ते जीप ठेवून गेल्यावर हंबीरराव गाडीत बसले आणि या खेपेला आकारामनं सांगितलं होतं तसं, अगदी सावकाश नेऊन ब्रेकवर पाय टेकवला. चाक जाम झालं, त्यांची छाती स्टिअरिंगवर आदळली.

त्यांनी डावं चाक उतरवलं, ड्रम ओढून काढला. ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या आतल्या लायनरवर ग्रीस पसरलेलं होतं. ग्रीस लागलेला लायनर हळू गाडीत असा चिकटतो, हे त्यांनी फौजेत कितीतरी पोरांना शिकवलं होतं. ग्रीस आलं कुठून, ते बघायला त्यांनी ग्रीस अडवणारं सील काढलं. ते उलटं बसवलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी हे चाक त्यांनीच उघडलं होतं. त्यानंतर कुणाचा हात लागला नव्हता.

दुपारची वेळ, गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी लायनर बदलले, नवं सील नीट बसवलं. संध्याकाळी भाऊसोंना म्हणाले, सील गेलं होतं. पुरतं खोटं नव्हतं ते, पण उलटं कुणी बसवलं ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आकारामच्या वस्तीवर गेले. तो चुलत्याची मेंढरं घेऊन माळावर होता. तिथं गाठून हंबीररावांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की सील माझ्या हातनं उलटं बसलं होतं, तू सांगत होतास ते खरं होतं.

आकारामनं एक चुकार मेंढरू कळपाकडं हाकललं.

"मिस्त्री, तुमी मला हसला ते धा मानसांत," तो म्हणाला. "आनि हितं माळावर येऊन सांगताय व्हय?"

हंबीरराव उन्हात तसेच चालत परत आले.

बाजारच्या दिवशी त्यांनी भाऊसोंना गॅरेजात बोलावलं, सुलाबाईंना निरोप धाडला, आकारामलाही. बाजारची माणसंही जमली, तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक माझी, चाक न खोलता मी या माणसाला दोष दिला, आणि त्याच्या घरावरनं बोललो ते त्याहून वाईट. सुलाबाईंनी पदर कपाळावर ओढून घेतला आणि नुसतं "बरं" म्हटलं.

मग भाऊसो पुढं झाले आणि त्यांनी हंबीररावांच्या पाठीवर हात ठेवला. एवढा मोठा मिस्त्री, पण मन बघा कसलं, असं ते म्हणाले. माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी चहा सांगितला. जीपवर नवा ड्रायव्हर ठेवलाय, त्याला आता कसं काढायचं, हेही भाऊसो बोलून गेले.

गाडीचं दुखणं ज्यानं पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, त्याचं नावही कुणी घेतलं नाही. हंबीरराव म्हणाले, "आवं, मला काय म्हनताय, ओळखलं त्यानं." पण तोवर गलका वाढला होता. त्यांनी दाराकडं पाहिलं. आकाराम चहाला न थांबता निघाला होता.

ते त्याच्या मागं रस्त्यापर्यंत गेले. मागनं भाऊसोंनी चहाला हाक मारली, पण आकाराम दिसेनासा होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.