हंसा कुक्कुट निवास

बाबुलाल राठोड एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाले तेव्हा डेपोनं त्यांना एक शाल, एक नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. आणि पस्तीस वर्षं रस्त्यावर असलेला हा माणूस दिवसभरासाठी त्यांच्या बायकोच्या, हंसाबाईच्या गळ्यात मारला. पहिले दोन महिने त्यांनी घरातल्या प्रत्येक कामात चूक काढली. चूल कुठल्या तोंडाला असावी इथपासून कांदा कसा धरावा इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक होतं. मग एके सकाळी मुंगसानं एक कोंबडी नेली आणि बाबुलालना आयुष्याचं ध्येय सापडलं.

हंसाबाईकडे अकरा कोंबड्या होत्या, आणि त्यांच्यावर उगाच रुबाब करणारा एक कोंबडा. दिवसभर त्या तांड्याभर उकिरडे उकरत फिरत. संध्याकाळी हंसाबाईनं मूठभर कण्या टाकल्या की आपापल्या पायांनी परत येत आणि बांबूच्या दोन मोठ्या डालग्यांखाली झोपत. डालग्यावर एक दगड, खाली चुलीतली राख, म्हणजे पिसवा होत नाहीत. मानमोडी रोगाची लस शंभर कोंबड्यांच्याच बाटलीत मिळते, म्हणून हंसाबाई ती डब्यात बर्फ घालून उमरखेडहून आणत आणि अख्ख्या तांड्याच्या कोंबड्या धरून त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकत. एवढाच काय तो त्यांचा कारभार होता.

पण वर्षभरात त्यांनी त्यातली एकही कोंबडी विकली नव्हती की कापू दिली नव्हती. होळीलासुद्धा नाही. मारेगावकडे दिलेली त्यांची लेक संगीता पहिल्या बाळंतपणाला घरी येणार होती, आणि सव्वा महिना तिला रोज अंडी आणि गावरान कोंबडीचा पातळ रस्सा द्यायचा हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. स्वतः हंसाबाईच्या बाळंतपणात सासूनं मोजून एक अंडं दिलं होतं, तेही तडकलेलं. ते अंडं त्या सत्तावीस वर्षं विसरल्या नव्हत्या.

"मुंगसानं आज एक नेली, उद्या सगळ्या नेईन," बाबुलाल म्हणाले. "त्याहिले घर पायजे. पक्कं घर."

"डालग्यावरचा गोटा तुमीच काढलता न काल? खुर्चीच्या पायाखाली द्याले," हंसाबाई म्हणाल्या.

बाबुलालनी हे ऐकलं नाही. गाडी चालवताना मागच्या प्रवाशांचं ऐकायचं नसतं, ही सवय त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भीमराज गवंडी आला. दुपारी बाबुलाल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आवाज खाली, मान वाकडी.

"भीमराज एवढ्या दुरून आला. त्याले का दाय-भाकर वाढतं?"

"काहून? तुमी रोज खाऊन राह्यले न."

"मी घरचा हाय वं. तो कारागीर मानूस. तांड्यात काय इज्जत राहीन आपली?"

इज्जत राहिली. तांबडी गेली.

पायासाठी एक कोंबडी, भिंतींसाठी दोन, असा भीमराजचा हिशेब बसला, कारण त्याच्या प्रत्येक टप्प्याला एक जेवण लागायचं आणि जेवणाशिवाय टप्पा पुरा व्हायचा नाही. विटांचा ट्रॅक्टर घेऊन पुतण्या शाम आला. तो घरचाच, दाळ चालली असती, पण त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्र होते. वेल्डरनं जाळीचं दार आणलं, ते चौकटीत बसेना, म्हणून त्याला दुसऱ्यांदा यावं लागलं. दार दुसऱ्यांदाही बसलं नाही, पण वेल्डर दोन्ही वेळा व्यवस्थित जेवला. पत्रे चढले त्या दिवशी कोंबडा गेला. पिंटू नावाचा एक मुलगा मोबाईलवर कुक्कुटपालनाचे व्हिडिओ करायचा, तो सल्ला द्यायला आला. दार पूर्वेला असावं आणि कोंबड्यांना हवा खेळती लागते, असं त्यानं पिवळीची तंगडी चोखत सांगितलं. पेंटर आला. डेपोतले जुने दोस्त रामधन तर काहीच करायला आले नव्हते, नुसतं बघायला आले होते. त्यांनी 'वा' म्हटलं आणि तेही जेवून गेले.

दर वेळी हंसाबाई भांडल्या. एकदा कोंबड्या शेजारी मानीबाईकडे लपवून ठेवल्या, तर संध्याकाळी कण्यांच्या वेळेला त्या शहाण्यासारख्या रांगेनं घरी परत आल्या. इतकी चांगली सवय लावल्याचा हंसाबाईंना पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

आणि घर मात्र खरंच देखणं झालं. खाली चकचकीत फरशी, बसायला स्टीलचा पाइप, कोपऱ्यात छोटा पंखा, दर्शनी भिंतीवर निळ्या अक्षरांत 'हंसा कुक्कुट निवास'. उरलेल्या कोंबड्यांना आत सोडून पाहिलं तेव्हा त्या फरशीवर घसरल्या, पाइपावरून पडल्या आणि ओरडत बाहेर येऊन डालग्याखाली शिरल्या. बाबुलाल म्हणाले, सवय होईन. सवय व्हायला पुढे कोणी उरलंच नाही.

उरली होती फक्त कवडी. ती खुडूक होती, पडवीतल्या टोपल्यात तेरा अंड्यांवर अठरा दिवस बसलेली. तिला हात लावायची अजून कुणाची हिंमत झाली नव्हती.

उद्घाटनाला पंचायत समितीचे माजी सदस्य देवसिंगभाऊ येणार होते. त्यांच्या नावाची संगमरवरी कोनशिला दोन दिवस आधीच येऊन दाराला टेकून उभी होती. संगीताही नेमकी त्याच दिवशी येणार होती. सकाळी बाबुलाल पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात आले. आवाज खाली, मान वाकडी.

"कवडी," ते एवढंच म्हणाले.

"तीन दिवसांनं पिल्लं निंघतात तिचे."

"एका दिवसानं काय होते? मंग बसव न परत."

"तुमी चालत्या गाडीचं इंजन काढत होते काय? अन् मंग बसवत होते परत?" हंसाबाईनं परातीत बेसन ओतलं. "भाऊले बेसन-भाकर भेटीन आज. नाई जमत तं त्याहिच्या घरी जेवा म्हना."

बाबुलालचा चेहरा पडला. तेवढ्यात देवसिंगभाऊंची जीप आली, त्यातून भाऊ आणि पाच कार्यकर्ते उतरले. फीत कापली, फोटो झाले. टाळ्या ओसरतात न ओसरतात तोच दारात ऑटो थांबला आणि त्यातून जावई प्रेमच्या हाताला धरून संगीता उतरली. नववा महिना, पाय सुजलेले, चेहरा उन्हानं लाल झालेला. प्रेमच्या दुसऱ्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीतून दोन कोंबड्यांच्या माना बाहेर आल्या होत्या.

"आईनं देल्या," प्रेम सासऱ्यांकडे बघून म्हणाला. "मामा रोज फोटो पाठवून राह्यलेत न मोबाईलवर. आई म्हने, एवढं मोठं घर बांधलं त्याहिनं, हे दोन त्यात सोडा. संगीताच्या बाळंतपनाले."

हंसाबाईला ते लागलं. माहेरच्या बाळंतपणाला सासरहून कोंबड्या. विहीणबाईंनी साध्या मनानं पाठवल्या होत्या, म्हणून तर जास्तच लागलं. पण बाबुलालच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला होता. त्यांनी जावयाच्या हातातून पिशवी घेतली, वजन करून पाहिलं आणि सरळ मागच्या दाराकडे निघाले.

"सुरी कुठी हाय वं?" त्यांनी हाक मारली.

हंसाबाई बेसनानं भरलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. बाबुलालनी ती सोडली, कारण बघायला पाहुणे होते.

देवसिंगभाऊ तेव्हा जाळीतून आत डोकावत होते. "घर तं झकास हाय बाबुलालभाऊ. कोंबड्या कुठी हाय?"

बाबुलाल कोनशिला पुसू लागले. बोलल्या हंसाबाई.

"इथंच हाय भाऊ, या दाखवतो." त्यांनी बेसनाचा हात भिंतीवर ठेवला. "हे तांबडी. पायात गेली. हे दोन भिंती म्हंजे लंगडी अन् तिची बहीन. विटा हाय न, त्यात चितरी हाय. दारात दोन हाय, तरी दार लागत नाई. वर पत्र्यात कोंबडा. हे दार पूर्वेले केलं, त्यात पिवळी गेली. अन् माह्यं नाव लिवलं न निळं, त्यात एक हाय, शेंबडी म्हनत होतो तिले. एक रामधनभाऊनं 'वा' म्हटलं त्यात गेली. संगीतासाठी ठेवल्या होत्या मी, भाऊ. वर्षभर."

एक कार्यकर्ता हसला आणि बाकी कोणी हसत नाही हे पाहून थांबला. देवसिंगभाऊंनी चष्मा काढून पुसला.

"याडी," संगीता आईला म्हणाली, "मले नाई आवडत तसाही रस्सा."

ही पोरगी लहानपणी रश्श्याची ताटली चाटून पुसून ठेवायची. हंसाबाईंना रडू आलं आणि बेसनाचे हात असल्यानं डोळेही पुसता येईनात.

मंडळी बेसन-भाकर जेवली. देवसिंगभाऊंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि मीटिंग आहे म्हणून लवकर निघाले.

जीप गेल्यावर बाबुलालनी कोणी न सांगता एक डालगं अंगणात ओढलं. खाली राख पसरली, जास्तच पसरली. कोंबड्यांच्या पायांची सुतळी सोडून दोघींना आत घातलं आणि वर ठेवायला गोटा शोधू लागले. तो त्यांनी स्वतःच कोंबड्यांच्या घराच्या पायात भरायला दिला होता. इकडे तिकडे पाहून शेवटी त्यांनी दाराला टेकलेली कोनशिला उचलली आणि डालग्यावर आडवी ठेवली. देवसिंगभाऊंचं नाव आभाळाकडे तोंड करून राहिलं.

"आता बसलं घट्ट," ते खाली बघत म्हणाले. "आता मुंगूस नाई नेत."

"मुंगसानं एकच नेलती," हंसाबाई म्हणाल्या आणि कवडीला पाणी ठेवायला पडवीत गेल्या.