रोह्याला पगार विचारायला

साल एकोणीसशे शहाण्णव, जून महिना. हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात ऐन हंगामात मी एक अख्खा दिवस कामावरून उठले, तेवढा एकदाच. कारखाना धाकट्या भावाचा, कमळाकरचा. मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. लग्नानंतर चारच वर्षांत विधवा होऊन परत आले, तेव्हापासून त्याच्याकडेच.

त्याची मुलगी अनिता बारावी झाली होती. पनवेलच्या एका खासगी संस्थेत तिला सुरक्षा व्यवस्थापनाची पदवी घ्यायची होती. तीन वर्षं, सत्तावीस हजार फी. माहितीपत्रकावर टोपी घातलेल्या एका बाईचा फोटो होता. तो बघून कमळाकर म्हणाला, वॉचमन व्हायला कॉलेज कशाला लागतं, आपला मोरू चौथी नापास होऊन मिठागर राखतोच की. अनिता दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पैसे मिळणार होते ते पेणच्या एका पतपेढीतून, अठरा टक्क्यांनी, कारखाना तारण ठेवून. आम्हाला व्यापाऱ्याची उचल तेवढी ठाऊक. माघात पैसे घ्यायचे, भाद्रपदात मूर्ती देऊन मोकळं व्हायचं. दरमहा हप्ता आमच्यात कुणी भरला नव्हता. अनिताने रद्दीच्या कागदावर हिशोब मांडला. पगार साडेतीन हजार असेल तर महिना हजार देऊन तीन-चार वर्षांत फिटेल. दोन हजार असेल तर दहा वर्षं. त्याहून कमी असेल तर नुसतं व्याज भरत राहायचं.

खरा पगार किती, ते कुणालाच माहीत नव्हतं. रोह्याचा रितेश नावाचा एक मुलगा तीच पदवी घेऊन धाटावच्या एका कंपनीच्या गेटवर लागला आहे, एवढंच कानावर आलं होतं. कमळाकर मला म्हणाला, "आक्का, तूच जाऊन विचार. तू आणशील तो आकडा मी धरतो."

वडखळला बस बदलून दुपारी पोचले. रितेशची आई गिरजाबाई दारातच होती. कोण, कुठली, सगळं विचारून तिने मला आत बसवलं. मी पगाराचं विचारताच ती उठून पोहे करायला गेली आणि तिथूनच म्हणाली, साडेतीन हजार, ओव्हरटाइम वेगळा. मला फार हलकं वाटलं. मग पोह्यांची ताटली हातात देत तिने विचारलं, घरात मुलगी आहे का, कितवी शिकली, उंची किती, रंग कसा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या भागात परगावची पोक्त बाई येऊन मुलाचा पगार विचारते ती एकाच कामाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाई इतकी आनंदात होती. निघताना तिने घरच्या वालांची पुरचुंडी बांधून दिली.

रितेश मला स्टँडवर सोडायला आला. उंच, सरळ मुलगा, शर्टाची कॉलर उसवून परत शिवलेली. बस लागल्यावर म्हणाला, "आत्या, आईने सांगितलं ते खरं नाय. मी ठेकेदाराकडे हाय, कंपनीत नाय. चौदाशे हातात येतात. सातवी पास झालेल्यालापण तेवढेच. मुलीला आधीच सांगा, मागून भांडण नको."

बस खांब गावाला येईपर्यंत मी तेवढाच आकडा मनात घोळवत होते. घरी गेल्यावर खरं सांगायचं, असं ठरलं होतं.

कारखान्यात शिरले तर माझ्या पाटावर अनिता बसलेली. माझ्या मागे तिने अकरा मूर्तींचे डोळे आखले होते. एकही नजर तिरकी नव्हती. कमळाकर खुशीत होता. म्हणाला, "हात बसलाय बघ पोरीचा. तुझ्यामागं हीच गो." अनिताने मान वर केली. थिनरने तिचे डोळे लाल झाले होते, माझे रोज होत तसे.

मग त्याने विचारलं, "किती?"

मी वालांची पुरचुंडी खाली ठेवली आणि म्हणाले, "साडेतीन हजार."

त्याने पुढल्या सोमवारी सही केली.

अनिता पदवीधर झाली आणि नागोठण्याला ठेकेदाराकडेच लागली. पहिल्या पगाराचे सोळाशे रुपये माझ्या हातात ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं. विचारलं मात्र नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी आजूबाजूच्या कारखान्यांतलीही आखणी घेऊ लागले. कर्ज फिटायला नऊ वर्षं लागली. त्यात माझा उजवा डोळा अधू झाला. कमळाकर मधेच गेला. पोरीला ठेकेदाराने फसवलं, असंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. गिरजाबाईंची दोन पत्रं आली, त्यांना मी उत्तर दिलं नाही. रितेशने नोकरी सोडली, घरची भातशेती धरली आणि कोलाडकडची मुलगी केली. अनिता आता पनवेलच्या एका इस्पितळात सुरक्षा पर्यवेक्षक आहे. पगार बरा आहे म्हणते, किती ते सांगत नाही. मीही विचारत नाही.

कारखाना भाड्याने दिला आहे. माझ्या पाटावर हल्ली कोण बसतं, ते मला इथून, घराच्या ओटीवरून, नीट दिसत नाही.